जुन्या मॅसीची लिफ्ट उचलेना? पंप खोलण्याआधी एवढं बघा

नांगरटीच्या ऐन घाईत लिफ्ट बसली की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'पंप गेला.' बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागात मॅसी १०३५ सारखे जुने ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. यांचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये, तेलातच बुडालेला असतो. तो काढायचा म्हणजे वरचं झाकण उतरवणं आलं, दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. आणि कित्येकदा दोष निघतो तो एका ओरिंगमध्ये.

आधी तेल. गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच, त्यामुळे पातळी उतरली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, लिफ्ट धक्के देत वर जाते. हायड्रॉलिक ट्रॉली जोडत असाल तर तिचा जॅक खाली घेऊन मगच काठी बघावी, नाहीतर अर्धं तेल जॅकमध्येच असतं. शिवाय शेजाऱ्याची ट्रॉली जोडली म्हणजे त्याच्या तेलातली घाणही आपल्याकडे आली. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. त्यानं कंट्रोल व्हॉल्व्ह गंजून अडकतो. या ट्रॅक्टरात तो व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्यानं तो अडकला की चांगला पंपसुद्धा तेल घेत नाही.

लिव्हरही बघा. एक लिव्हर उंची धरतो, दुसरा नांगरावरचा ताण. ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी राहिला तर पहिला कितीही ओढा, उपयोग नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की पंपही थांबतो, तो दोष नव्हे.

खरी परीक्षा यापुढे. नांगर जोडून पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा. लिफ्ट पटकन वर गेली पण काही मिनिटांतच नांगर खाली आला, तर पंप दाब देतोय आणि तेल कुठंतरी निसटतंय: सिलिंडरच्या पिस्टन रिंगा, उभ्या पाईपचे ओरिंग किंवा व्हॉल्व्ह. चालू इंजिनवर नांगर डुलक्या घेतल्यासारखा खालीवर होतो तोही याच गळतीनं. जेवढा उतरतो तेवढा पंप पुन्हा उचलतो.

उलट, एकदा वर गेलेला नांगर टिकतो पण उचलायलाच दम लागतो, तर जाळी तुंबलेली, रिलीफ व्हॉल्व्ह कमजोर किंवा पंप झिजलेला. सकाळी ठीक आणि तेल तापल्यावर लिफ्ट मरते, तेव्हा पंपावरचा संशय वाढतो, कारण गरम पातळ तेल झिजलेल्या फटीतून मागं फिरतं. तरीही आधी प्रेशर गेज लावायला सांगा. गेज न लावता पंप बदलायला निघालेल्या मेस्त्रीला थांबवलेलं बरं.

बाजूची प्लेट काढून, गरज पडल्यास थोडं तेल उतरवून, बॅटरीच्या उजेडात गळणारी धार दिसू शकते. रिलीफ व्हॉल्व्हमधून, सिलिंडरच्या तोंडातून की पाईपच्या सांध्यातून, हे कळलं की निम्मं काम झालं. मात्र आत शाफ्ट फिरत असतो. हात, टॉवेल, सैल बाही लांब ठेवा. उचललेल्या नांगराखाली कुणीही जाऊ नये. होजची बारीक गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचं तेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.