कोपीतला धूर आणि चमकणारी जाळी

दसऱ्यानंतर बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चूल पेटते ती मिळेल त्या सरपणावर. त्या धुरात बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइडही असते, दोन्ही कर्करोगकारक. हवेतल्या बेंझिनची आपल्याकडची मर्यादा वार्षिक सरासरीने घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. नाकाला वास येतो तोवर प्रमाण याच्या हजारेक पट किंवा त्याहून अधिक झालेले असते. अचूक मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. तो फडावर कोण नेणार?

इथे आशा लावून बसावे असा पदार्थ म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, थोडक्यात एमओएफ. धातूचे सांधे, सेंद्रिय रेणूंच्या दांड्या, मधे पोकळ्याच पोकळ्या. अशा जाळ्या घडवण्याच्या कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना 2025चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काही एमओएफ अतिनील प्रकाशात चमकतात. पोकळीत आलेला रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला असेल, तर तो जाळीचा उत्तेजित इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि चमक मंदावते. बेंझिनसारखे इलेक्ट्रॉनसंपन्न रेणू आले तर काही जाळ्या उलट अधिक उजळतात.

पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने 2013 मध्ये कॅडमियमची अशी जाळी दाखवली. पिक्रिक आम्ल या स्फोटकाने तिची चमक झपाट्याने जाते, त्याच्या इतर नायट्रो भाईबंदांनी फारशी नाही. गुपित आम्ल आणि जाळी यांच्यातल्या खास आकर्षणात आहे. हा प्रयोग द्रावणातला, हवेतल्या वाफेचा नव्हे. पण नेमका रेणू कसा निवडायचा, हे त्यातून कळते, आणि माझ्या मते खरी करामत तीच. नुसते चमकणारे पदार्थ पुष्कळ आहेत.

अशा जाळ्या धुरात नेण्यातली अडचण पाण्याची आहे. 1999 मध्ये याघींनी घडवलेली प्रसिद्ध एमओएफ-5 दमट हवेत ढासळते. झिर्कोनियमच्या जाळ्या टिकतात, पण त्यांच्या पोकळ्यांतही पाण्याचे रेणू जागा अडवू शकतात. फडावरची हवा कोरडी असली तरी सुटका नाही, कारण लाकूड जळताना धुरातच वाफ येते. शिवाय त्या धुरात शेकडो संयुगांची खिचडी असते.

प्रयोगशाळेतल्या एका शुद्ध वाफेवर मिळालेला आकडा म्हणूनच मला अर्धवट वाटतो. मराठवाड्यातल्या रसायनशास्त्राच्या विभागांनी या जाळ्या कोपीतल्या खऱ्या धुरात तपासाव्यात. आणि साखर कारखान्यांनी त्या निकालाची वाट न पाहता कोप्यांवर गॅस पोचवावा.