माणूस बदलला, टेम्प्लेट राहिली

व्हॉइड लिनक्स ही स्वतंत्र डिस्ट्रो आहे. डेबियन किंवा आर्चच्या पायावर ती उभी नाही. नेटबीएसडीसाठी पूर्वी काम केलेले हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी २००८ मध्ये आपली एक्सबीपीएस ही पॅकेज व्यवस्था तपासून पाहण्यासाठी ती सुरू केली. उसनवारी नाही, त्यामुळे प्रत्येक पॅकेज घरीच बांधावे लागते. बांधणारे स्वयंसेवक एकमेकांना बहुधा भेटलेलेही नसतात. त्यांना जोडून ठेवते ती नियमावली.

प्रत्येक पॅकेजमागे ‘टेम्प्लेट’ नावाची छोटी शेल फाइल असते. नाव, आवृत्ती, परवाना, सांभाळणाऱ्याचे नाव, सोर्स कोड कुठून आणायचा आणि त्याचा एसएचए-२५६ चेकसम, हे सारे तिच्यात लिहायचे. उतरवलेली फाइल चेकसमशी जुळली नाही, तर बांधणी तिथेच थांबते.

बांधणी होते वेगळ्या, कोऱ्या कप्प्यात. टेम्प्लेटमध्ये सांगितलेल्या लायब्ररीच तिथे येतात. एखादी लायब्ररी तुमच्या संगणकावर आधीपासून आहे म्हणून लिहायची राहिली, तर सहसा ती चूक इथेच उघडी पडते, वापरणाऱ्याच्या घरी नव्हे. आवृत्ती तीच ठेवून बांधणीत दुरुस्ती केली, तर ‘रिव्हिजन’चा आकडा एकने वाढवायचा. तो विसरला, तर दुरुस्ती झालेले पॅकेज लोकांपर्यंत पोचतच नाही.

प्रवेशालाही अट आहे. सॉफ्टवेअर साऱ्या सिस्टिमसाठी बसवायचे, कंपाइल करावे लागणारे किंवा दुसऱ्या पॅकेजला आवश्यक, यांपैकी निदान एक असावे. क्रोमियम आणि फायरफॉक्सपासून निघालेले ब्राउझर सहसा घेत नाहीत. त्यांच्यात खूप फेरफार करावे लागतात, सतत देखभाल लागते आणि बांधणीला तासन्‌तास जातात. ही अट मला प्रामाणिक वाटते. जे निभावता येणार नाही, ते स्वीकारायचे नाही.

या शिस्तीची खरी परीक्षा २०१८ मध्ये झाली. संस्थापकांशी संपर्क तुटला आणि काही किल्ल्या फक्त त्यांच्याकडेच होत्या. बाकीच्यांनी गिटहबवर नवे घर मांडले, संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि काम पुढे नेले. ते शक्य झाले, कारण पॅकेज बांधण्याचे ज्ञान कुणा एकाच्या डोक्यात अडकलेले नव्हते. ते टेम्प्लेटमध्ये होते, कुणालाही वाचता येईल असे.

तुम्ही व्हॉइड वापरत असाल, तर मागे पडलेले एखादे पॅकेज निवडा. नवी आवृत्ती आणि नवा चेकसम लिहा, बांधून पाहा, स्वतः चालवून तपासा आणि मगच पाठवा.