काठी फेकण्यापूर्वी

आपल्याकडे काठी आणि कुत्रा यांचं नातं पिढ्यान् पिढ्या एकाच प्रकारचं होतं. माणसानं काठी उगारायची आणि कुत्र्यानं पळायचं. परगावी निघालेला माणूस हातात काठी घ्यायचा, ती निम्मी आधारासाठी आणि निम्मी वेशीवरच्या कुत्र्यांसाठी. मोत्या, वाघ्या, टिप्या अशा नावांची जी कुत्री आपल्या अंगणांत वाढली, ती भाकरीच्या तुकड्यावर राखण करत. त्यांच्याशी मुद्दाम वेळ काढून खेळायचं असतं, हे मोठ्या माणसांच्या डोक्यात कधी आलंच नाही. काठी लांब फेकायची आणि कुत्र्यानं ती धावत जाऊन आणून द्यायची, हा खेळ आपल्याकडे बहुधा साहेबाच्या बंगल्यातून आला. अल्सेशियन आणि लॅब्रेडॉर फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तो चांगलाच रुजला.

आज पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर संध्याकाळी जा, हा खेळ चाललेला दिसेल. त्याला खर्च नाही, साहित्य पायाशीच पडलेलं असतं, मुलं खूश आणि कुत्रं त्याहून खूश. इतका निरुपद्रवी दिसणारा खेळ दुसरा नाही. आणि नेमक्या याच खेळाबद्दल पशुवैद्य मंडळी कानीकपाळी ओरडत आली आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ साली केवळ काठीमुळे कुत्र्याच्या घशाला होणाऱ्या जखमांवर एक स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे एखाददुसऱ्या कुत्र्याच्या दुर्दैवाची ही गोष्ट नव्हे.

दुखापत होते कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. काठी हवेतून गेली की ती आडवी पडेलच असं नाही. पावसाळ्यात जमीन मऊ असते. काठीचं एक टोक चिखलात रुततं आणि दुसरं तिरपं वर राहतं. कुत्रा तोवर भरधाव निघालेला असतो. घरचा धडधाकट लॅब्रेडॉरसुद्धा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सहज पळतो आणि शेवटच्या क्षणी जबडा उघडतो. त्यात भर अशी, की अगदी नाकाशी आलेली वस्तू कुत्र्याला धूसर दिसते. तिथे तो वास आणि मिशा यांच्या भरवशावर असतो. उघड्या तोंडात काठीचं टोक सरळ घुसतं: जिभेखाली, टाळूच्या मऊ भागात किंवा थेट घशात. त्या जागेच्या मागेच मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या, अन्ननलिका आणि श्वासनलिका असतात. काठी फेकणाऱ्याला मात्र दुरून एवढंच दिसतं, की कुत्रा एकदा केकाटला.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचा सोन्या नावाचा लॅब्रेडॉर होता. तीन वर्षांचा, अंगानं भरलेला, स्वभावानं अगदी गरीब. एका रविवारी टेकडीवर तो असाच केकाटला. तोंडातून थोडं रक्त आलं, ते दहा मिनिटांत थांबलं, आणि घरी येऊन त्यानं दूधभातही खाल्ला. जीभ चावली असेल, असं सगळ्यांना वाटलं. पाचसहा आठवड्यांनी त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. औषधांनी ती बसली आणि औषध थांबताच पुन्हा उठली. मग फुटली आणि वाहू लागली. एक्स-रे काढला तर त्यात काहीच दिसेना. घरातली सातवीतली मुलगी रोज शाळेतून आल्यावर कोमट पाण्यानं त्याची मान पुसायची आणि तो नुसता डोळे मिटून उभा राहायचा. महिने असे गेले. अखेर दुसऱ्या एका डॉक्टरांनी भूल देऊन मान उघडली, तेव्हा आत बोटाच्या पेराएवढं लाकूड सापडलं. सोन्या वाचला. पण त्या घरानं त्या वर्षी दिवाळीत फराळ केला नाही, यावरून काय ते समजावं.

ही गोष्ट अपवादातली नाही. या जखमांचे डॉक्टर सरळ दोन गट करतात: लगेच आलेल्या आणि उशिरा आलेल्या. लगेच आलेली जखम भयंकर दिसली तरी पुष्कळदा बरी होते, कारण ती कुठे आहे ते ठाऊक असतं. उशिरा आलेल्या जखमेत लाकडाची कपची मांसातून सरकत कुठे जाऊन बसली, याचा शोध घ्यावा लागतो. साध्या एक्स-रेमध्ये लाकूड बहुधा दिसत नाही. मोठ्या शहरांत आता प्राण्यांसाठीही सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची सोय आहे, त्याचा उपयोग होतो. तरीही शोध लागेलच असं नाही.

माझी नोकरी बँकेत गेली. तिथे संध्याकाळी रोकड मोजून जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. काठी कुत्र्याच्या तोंडात मोडली, तर तोच नियम लावावा. तुकडे गोळा करून जोडून पाहावेत. एखादा तुकडा कमी पडला आणि कुत्रा तोंडावर पंजा मारतोय, लाळ गाळतोय, मान ताठ धरतोय किंवा समोरचं खाणं हुंगून सोडतोय, तर थांबू नये, तोंड तपासून घ्यावं. कधी कधी तुकडा टाळूवर आडवा, दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये पाचर मारल्यासारखा अडकलेला असतो आणि डॉक्टर तो मिनिटात काढतात. गिळलेला असेल तर पोटाचा प्रश्न उभा राहतो. वारंवार उलट्या होऊ लागल्या की आतड्यात काही अडकल्याची शंका घ्यावी. मात्र काठी घुसलेली डोळ्यांना दिसत असली, तर ती आपण ओढून काढू नये. कित्येकदा तीच रक्त थोपवून धरून असते. कुत्र्याला शांत ठेवावं, हलू देऊ नये आणि तसंच गाडीत घालावं. वेदनेनं कळवळणारं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा त्याच्या तोंडात हात घालायचं धाडस डॉक्टरांवर सोडावं.

लाकडालाही जात असते. बांबू सर्वांत वाईट. तो मोडत नाही, उभा चिरतो आणि त्याच्या कामट्यांना पात्यासारखी धार असते. बांधकामावर पडलेले बांबूचे तुकडे मुलं हौसेनं उचलतात, ते आधी काढून घ्यावेत. बाभळीचे काटे सांगायलाच नकोत. कण्हेर मात्र सांगितली पाहिजे, कारण ती बागेबागेत आणि हमरस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेली असते. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, वाळलेली फांदीसुद्धा, आणि ते विष हृदयावर काम करतं. पिवळ्या फुलांची बिट्टीही त्यातलीच. पुण्याच्या टेकड्यांवर जी ग्लिरिसिडिया माजली आहे, तिचं मराठी नावच उंदीरमारी; तिच्या बिया आणि साल उंदरांच्या विषासाठी वापरत. कुत्र्याच्या दातांत हे लाकूड न गेलेलंच बरं.

मग कुत्र्यानं खेळू नये का? खेळलंच पाहिजे. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली होते. जाळ्याचे दोर आणि निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणणं हे त्यांचं काम. पुढे ब्रिटनमधल्या जमीनदारांनी, शिकारीत पडलेला पक्षी दात न लावता आणून द्यावा म्हणून त्यांची पैदास केली. ज्याच्या रक्तातच आणून देणं आहे, त्याला आणायला काहीतरी द्यायलाच हवं. फक्त ते लाकूड नको.

जाड रबराची पोकळ रिंग उत्तम. तिला टोक नसतं, ती जमिनीत रुतत नाही. सुताचा जाड दोर गाठी मारून दिला तरी चालतो, पण धागे सुटायला लागले की तो फेकून द्यावा. गिळलेला लांब धागा आतड्याला चुण्या पाडतो. चेंडू घ्यायचा तर जबड्यात मावेल, पण घशाकडे सरकणार नाही एवढा मोठा घ्यावा. मोठ्या कुत्र्याला लहान चेंडू देणं ही काठीइतकीच जोखीम आहे. टेनिसचा चेंडू तासन् तास चघळायला देऊ नये. त्याच्या लोकरीत माती बसते आणि दात पॉलिश कागदानं घासल्यासारखे झिजतात. आणि रंग निळा किंवा पिवळा घ्यावा. हिरवळीवरचा लाल चेंडू आपल्याला ठसठशीत दिसतो, पण लाल आणि हिरवा यांतला फरक कुत्र्याला नीट कळत नाही. बिचारा हुंगत गोल गोल फिरतो आणि आपण त्याला बावळट म्हणतो. काहीही फेकलं तरी ते जमिनीलगत, सरपटत जाईल असं फेकावं. उंच फेकलेलं झेलायला कुत्रा उडी मारतो आणि वाकडा उतरला की गुडघ्याची शीर जाते. शक्य असेल तर त्याला बसवून ठेवावं आणि वस्तू पूर्ण थांबल्यावरच सोडावं.

एवढं करूनही कुत्रा स्वतःच झुडपातून काठी उचलून आणतो, हे खरं आहे. अशा वेळी आरडाओरडा करत मागे धावू नये. आपण धावलो की तो तोंडात काठी घेऊनच उड्या मारत पळतो, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. सोन्याच्या घरातली मुलगी हे फार छान करते. ती पाठमोरी होते, पिशवीतून निळी रिंग काढते आणि स्वतःशीच खेळत असल्यासारखी ती हवेत उडवून झेलत चालू लागते. सोन्या दहा पावलं काठी घेऊन दिमाखात चालतो. मग थबकतो, काठी टाकतो आणि तिच्याकडे येतो. मागे पडलेली काठी उचलून ती घाणेरीच्या जाळीत खोल भिरकावण्याचं काम तिच्या वडिलांकडे असतं.