भाड्याची खोली आणि अकरा महिन्यांचा कागद

शाळा-महाविद्यालये उघडण्याचे दिवस आले की आपल्या गावांतील कित्येक मुलेमुली शिक्षणासाठी परगावी निघतात. शिदोरी, अंथरूण-पांघरूण, पुस्तके या सर्वांची आईवडील काळजीपूर्वक तरतूद करतात. परंतु ज्या खोलीत मूल राहावयाचे, तिच्या करारपत्राकडे फारच थोडे लक्ष देतात. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल इंदूर शहर घेऊ. होळकरांच्या या जुन्या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. तेथील भंवरकुआं हा भाग म्हणजे विद्यार्थ्यांची जणू एक वसाहतच. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय, खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालय आणि भोवताली स्पर्धा-परीक्षांच्या शिकवणीवर्गांची दाटी. मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालयही इंदुरातच आहे. साहजिकच आसपासच्या घरांतील खोल्या भाड्याने दिल्या जातात आणि एकेका खोलीत दोन-तीन विद्यार्थी भाडे वाटून घेऊन राहतात.

या खोल्यांचा ‘किरायानामा’ बहुधा अकरा महिन्यांचा असतो. याचे कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने आवश्यक ठरविली आहे. तो खर्च व खटाटोप टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा रूढ झाली. मात्र मुदत अल्प असली म्हणून अटी न वाचताच सही करावी, असे मुळीच नव्हे.

खरी अडचण भागीदारीच्या खोलीत उद्भवते. तिघांनी मिळून एकाच कागदावर सही केली आणि एकजण मध्येच निघून गेला, तर त्याचा हिस्सा कोणी द्यावयाचा? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, कागदात वेगळे ठरले नसेल तर, संयुक्तपणे दिलेल्या वचनाची संपूर्ण पूर्तता मालक तिघांपैकी कोणा एकाकडूनही मागू शकतो. पैसे भरणाऱ्याने मग आपल्या सोबत्यांकडून त्यांचा वाटा वसूल करावा, इतकेच. गरिबाच्या लेकरावर असा भार पडू नये यासाठी प्रत्येकाचे भाडे व अनामत स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. सोबती सोडून गेल्यास नवा कोणी आणावयाचा व किती मुदतीत, हेही नमूद असावे. मालकाच्या लेखी संमतीवाचून मात्र कोणासही खोलीत घेऊ नये. परस्पर पोटभाडेकरू ठेवल्यास खोली खाली करण्याची पाळी येते.

दुसरी गोष्ट वयाची. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही. बारावी होऊन निघालेली पुष्कळ मुले या वयाच्या उंबरठ्यावर असतात. अशा वेळी वडिलांनी किंवा आईने स्वतः जाऊन, कागद वाचून, आपल्या नावे सही करावी.

कागदात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात: भाडे किती व कोणत्या तारखेस, अनामत किती व ती खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार, विजेचे देयक मीटरप्रमाणे की ठरावीक, पाणी, पंखा, पलंग यांची यादी, आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावयाची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिन्यामहिन्याच्या भाडेकरारास पंधरा दिवसांची सूचना सांगितली आहे. परंतु करारात निराळे ठरले असल्यास तेच चालते. भाड्याची पावती दरमहा घ्यावी. कागदाची एक प्रत घरी आणून ठेवावी.

आता जी कुटुंबे स्वतःच्या घरातील खोली भाड्याने देतात, त्यांनाही सांगणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने, मुदत कितीही अल्प असो, करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तसे न केल्यास, विरुद्ध पुरावा नसेल तर, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही होऊ शकतात. अकरा महिन्यांची सबब येथे उपयोगी पडत नाही.

कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आमच्या मते ती चुकीची आहे. जे तोंडी ठरले ते दोघांनाही सारखेच आठवेल याचा भरवसा नसतो. जे लिहिले ते दोघांनाही सारखेच वाचता येते. परक्याच्या छपराखाली आपले मूल निर्धास्त झोपावे आणि आपल्या छपराखाली परक्याचेही, यासाठी एवढी दक्षता घेणे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य होय.