रंगारी नंतर, तलाठी कार्यालय आधी

चांदीप, मांडवी, शिरसाड या विरार पूर्वेच्या पट्ट्यात घर विकायला काढलं की बहुतेकदा आधी रंगारी येतो. भिंती उजळल्या की भाव वाढतो, हा समज. ओलावलेल्या भिंतीवर चढवलेल्या रंगाचे पुढच्या पावसात पापुद्रे निघतात, पण मुद्दा त्याहून गंभीर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घरातला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष नेहमीच्या पाहणीत दिसणारा नसेल आणि विकणाऱ्याला तो ठाऊक असेल, तर त्याने तो सांगायलाच हवा. गळती झाकायला मारलेला रंग ही लपवाछपवीच. गळती काढा, भिंत वाळू द्या, मग रंगाचं बघा.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज घरपट्टीचा. पावती नावावर आहे म्हणजे घर आपलं, असं सर्रास मानलं जातं. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते. महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७अ मध्ये अशा बांधकामावर शास्तीची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच नमूद आहे. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारसनोंद, बांधकाम परवानगी, फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि जुन्या खरेदीखतांची साखळी जुळवणं, ही विक्रीची खरी तयारी. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. आदिवासी वस्ती मोठी असलेल्या या पट्ट्यात ही चौकशी सर्वांत आधी व्हावी.

कुणी म्हणेल, चाळीतल्या खोल्या नोटरीच्या कागदावर वर्षानुवर्षं विकल्या जातात, कुणाचं काय अडलं? ताबा मिळतो हे खरं, मालकी मिळत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीचं घर नोंदणीकृत खतानेच विकलं जातं. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. अडतं कुठे, ते नालासोपाऱ्यात दिसलं. अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती पाडण्याची कारवाई २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाली, तेव्हा पैसे मोजून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. कागद जमवायला महिने लागतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. पण कागद अपुरे असले की बँक सहसा कर्ज देत नाही. मग रोखीचं गिऱ्हाईक तेवढं उरतं, आणि ते भाव पाडूनच मागतं.