माळढोकाचा माळ आणि डोडोचं बेट

सोलापूर-बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालं की शहर मागे पडल्यावर जमीन आपलं खरं रूप दाखवू लागते. कुठे वीतभर काळी माती, कुठे नुसता मुरूम, आणि विहीर खणायला घेतली की काळाकुट्ट पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो बाहेर आला आणि थरावर थर चढवत दख्खनभर पसरला. झीज होऊन आज उरलेला त्याचा पसारासुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे तो पातळ होत येतो. १९९३च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात, किल्लारीला खोल वेधन घेतलं, तेव्हा साधारण ३४० मीटरवर हा लाव्हा संपला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक लागला.

हा लाव्हा ज्या तप्त स्थानातून आला, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड तेव्हा त्या भागावर होता. तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि खालची आग जागच्या जागी धुमसत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांचा समुद्राखालचा पाया ही त्याच आगीची वाट. पुढे ८०-९० लाख वर्षांपूर्वी तिच्यातून मॉरिशस वर आलं आणि सगळ्यांत शेवटी रियुनियन. तिथला पिटॉन द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर फुटतो.

सोलापूरचा माळ आणि मॉरिशसचे डोंगर ही अशी एकाच घराण्यातली भावंडं आहेत. दोघांच्याही अंगाखांद्यावर एकेक मोठा पक्षी वाढला. मॉरिशसचा डोडो गेला. सोलापूरचा माळढोक जाण्याच्या बेतात आहे. पण डोडो गमावलेल्या त्याच बेटाने पुढे इतर तीन पक्षी मरणाच्या दारातून परत आणले. म्हणून दूरच्या ज्वालामुखी बेटांवर सुट्टी घालवण्याची जी हौस मराठी घरांत अलीकडे वाढली आहे, तिच्याकडे मी मोठ्या आशेने पाहतो. डोळे उघडे ठेवून गेलेला प्रवासी तिथून आपल्या जिल्ह्याच्या उपयोगाचं बरंच काही आणू शकतो.

बेटावरचा आठवडा

सोलापूरकराला मॉरिशस वाटतं तितकं लांब नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावं, सकाळी मुंबई, आणि तिथून सुमारे सहा तासांचं थेट विमान. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम करून, रोज रात्री त्याच पलंगावर झोपून, दिवसा डोंगर, जंगल आणि समुद्र असं तिन्ही करता येतं. घरातल्या आजी-आजोबांनाही झेपेल, अशी ही साहसाची सुट्टी आहे. मे ते डिसेंबर हा काळ चांगला. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने.

चढायची हौस असेल तर नैर्ऋत्येला ल मॉर्न ब्राबांट हा ५५६ मीटर उंचीचा सुळका आहे. गुलामीतून पळालेल्या माणसांनी त्याच्या कपारींत आसरा घेतला होता आणि २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. वरचा टप्पा हात टेकवत चढायचा असल्याने वाटाड्या बरोबर घ्यावा. त्याहून सोपी वाट ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथलं ८२८ मीटरचं शिखर बेटावर सर्वांत उंच. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तिथल्या काळ्या कड्यांचे थर पाहून घरी आल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच आहे. दगड एकाच कुळीचा आहे.

समुद्राच्या बाजूला प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं उथळ, शांत पाणी आहे. त्यात कयाक वल्हवता येते. ब्लू बेच्या सागरी उद्यानात पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत प्रवाळ पाहता येतं. पश्चिम किनाऱ्याला सकाळी डॉल्फिन येतात. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कुबड्या देवमासा दिसू शकतो. होड्यांनी डॉल्फिनला घेरून माणसं पाण्यात उतरवण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, त्यात मात्र पडू नये. अंतर राखणारी होडी निवडणं आपल्या हातात असतं.

आणि मराठी माणसाने तिथली मराठी माणसं भेटल्याशिवाय परतू नये. १८३४ पासून पाच लाखांच्या आसपास भारतीय मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट हे त्यांचं उतरण्याचं ठिकाण, तेही २००६ पासून जागतिक वारसा आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबं होती. त्यांच्या वंशजांनी गणपती आणि जाखडी आजवर टिकवली. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकता येतं.

चारावर आलेला पक्षी

१५९८ मध्ये डच लोक या बेटावर उतरले. डोडो हा कबुतराच्या कुळातला, न उडणारा, जमिनीवर घरटं करणारा पक्षी. त्याने माणूस पाहिला नव्हता आणि डुक्कर, माकड, उंदीर यांच्याशीही त्याची गाठ पडली नव्हती. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. साठ-पासष्ट वर्षांत एक पक्षी पृथ्वीवरून पुसला गेला. सतराव्या शतकात जिवंत डोडो सुरतेपर्यंत आले होते. जहांगीराच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर असलेलं डोडोचं चित्र आज रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. अभ्यासकांच्या मते डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह चित्रांपैकी ते एक. माळढोकाचा भाऊबंद असलेला बंगाल फ्लोरिकन हा पक्षीही याच मन्सूरने रंगवला होता.

जंगलतोड पुढेही थांबली नाही. चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. विसाव्या शतकात हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी झाली आणि तिचा फटका केस्ट्रेलला बसला. हिवाळ्यात आपल्या माळावर हवेत एका जागी फडफडत भक्ष्य हेरणारी खरुची येते, तिचाच हा छोटा चुलतभाऊ. १९७४ मध्ये साऱ्या जगात फक्त चार मॉरिशस केस्ट्रेल जंगलात राहिले होते.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा तरुण वेल्श जीवशास्त्रज्ञ तिथे आला. त्याला पाठवलं होतं ते केस्ट्रेल वाचवण्याचा खर्चीक प्रकल्प आवरता घ्यायला. त्याने तो आवरला नाही. त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. केस्ट्रेलची मादी कड्याच्या कपारीत साधारण तीन अंडी घालते. ती सुरुवातीलाच काढून घेतली, तर ती पुन्हा अंडी घालते. जोन्स कड्यावर चढून पहिली अंडी उचलायचा, यंत्रात उबवायचा आणि पिलांना बारीक केलेलं मांस हाताने भरवायचा. दुसरी अंडी आईकडेच राहायची. मोठी झालेली पिलं जंगलात सोडली जात, पण सोडल्यावर वाऱ्यावर नाही. त्यांना काही काळ वरून खाणं पुरवलं जाई, कपारींच्या जोडीला लाकडी पेट्या लावल्या जात आणि मुंगसांचा बंदोबस्त होई. सुमारे दहा वर्षांत तीनशेहून अधिक पक्षी असे सोडले गेले. २०२२ मध्ये मॉरिशसने या केस्ट्रेलला आपला राष्ट्रीय पक्षी केलं.

१९९०च्या सुमारास गुलाबी कबुतर जंगलात दहाच्या आसपास उरलं होतं, आज ते पाचशेच्या घरात आहे. एको पोपटाचीही तीच कथा. तोही दहा-बारावरून शेकड्यांत गेला. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था, सरकार आणि जर्सी बेटावरचा ड्यूरेल ट्रस्ट यांनी मिळून हे काम चालवलं. माहेबुर्गजवळचं इल ओ झेग्रेत हे सव्वीस हेक्टरांचं बेट याच संस्थेकडे आहे. ते लाव्ह्याचं नसून प्रवाळाचं आहे. वाटाड्याबरोबर, छोट्या गटात, होडीने तिथे जाता येतं. आबनुसाच्या झाडांखाली गुलाबी कबुतर आणि अवाढव्य अल्दाब्रा कासवं दिसतात. पाहुण्यांचा पैसा त्याच कामाला लागतो. मॉरिशसला जाणाऱ्याने एक दिवस राखून ठेवावा तो या बेटासाठी.

उसाच्या समुद्रातलं गवत

आता सोलापूर. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज परिसरातले काही माळ चराईपासून राखले गेले. पवना, मारवेल, कुसळी पुन्हा कमरेला लागू लागली. गवताबरोबर टोळ-नाकतोडे आले आणि माळढोकाला हवं ते सगळं मिळालं. सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्यांकडे सरकारचं आणि अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी इथे माळढोकाचा अभ्यास केला.

अभयारण्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. आख्खं मॉरिशस २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपण कागदावर चार मॉरिशस राखले होते. त्यात गावं, बागायती, रस्ते सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं पडली आणि माळढोक म्हणजे आपल्या शेताचा वैरी, असं शेतकऱ्याला वाटू लागलं. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर उजनी धरणाचं पाणी आणि ऊस यांनी जिल्ह्याचा चेहरा बदलला होता. कोरडवाहू ज्वारी-करडईच्या शेतात माळढोक सुखाने फिरत असे. दाट उसात त्याला जागा नाही.

हा पक्षी मीटरभर उंच, नर दहा-बारा किलोंचा, जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि जवळपास महिनाभर उबवते. एक कुत्रं, एक नांगर, वाट चुकलेलं एक जनावर, आणि ते वर्ष वाया. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी इतकं वजन पटकन वळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. आज देशात जंगलात राहिलेले माळढोक दीडशेच्या आसपास मानले जातात, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिलं वाढवण्याचं काम सुरू आहे. तिथे आता साठहून अधिक पक्षी आहेत आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिलू जन्मलं. कार्ल जोन्सने कड्यावर जे केलं, त्याचाच हा वाळवंटातला अवतार. उद्या हे पक्षी सोडण्याची वेळ येईल, तेव्हा कुठे सोडायचे हा प्रश्न उभा राहील. नान्नजचं गवत तोवर टिकलं तर सोलापूरला ‘इथे सोडा’ म्हणता येईल.

गवत टिकवणं अवघड नाही, पण रोजचं काम आहे. माळावर बाहेरची झाडं लावून त्याचं जंगल करू नये. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात. मेंढपाळाला हाकलण्यापेक्षा चराईच्या पाळ्या त्याच्याशी बसून ठरवाव्यात. विणीच्या काळात अंडं असलेलं शेत राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्यावा. आणि पाहुण्यांचा पैसा गावात राहील, अशी सोय करावी. २०२४ पासून शेजारच्या इंदापूर-बारामती भागात वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे, गावचीच मुलं वाटाड्या म्हणून बरोबर येतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला मासेमारी करणारे हात आता रोहित दाखवायला होडी वल्हवतात.

हे सगळं जोडलं तर आपल्याच लाव्ह्यावर तीन दिवसांची उत्तम सुट्टी होते. पहाटे वन विभागाच्या परवानगीने नान्नजच्या माळावर पायी: काळवीट, नशीब असेल तर लांडगा, आणि हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी. दुसऱ्या दिवशी कोरडवाहू गावांतून सायकल. तिसऱ्या दिवशी उजनीत होडी. माळढोक दिसेलच, असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रस्ता सोडून गाडी गवतात घालू नका आणि अंड्या-घरट्याजवळ कॅमेरा घेऊन जाऊ नका.

सोलापुरात जन्मलेले आणि २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच निवर्तलेले निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. महाराष्ट्र या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतो. मॉरिशसला अवश्य जा, मुलांना डोडोचा सांगाडा आणि गुलाबी कबुतर दोन्ही दाखवा. पण या पक्षी सप्ताहात आधी त्यांना नान्नजला न्या, आणि परतल्यावर आपल्या आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना, वन विभागाला एक पत्र लिहा की हे गवत आम्हाला हवं आहे. डोडोसाठी असं पत्र लिहिणारं कुणी नव्हतं. माळढोकासाठी आपण आहोत.