बचावाची रीत बदलणारे बॉबी ऑर

आईस हॉकीत बचावपटूने आपल्या गोलचे रक्षण करावे, अशी रूढ समजूत होती. कॅनडाच्या बॉबी ऑर यांनी ती बदलली. १९६६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी बॉस्टन ब्रुइन्स संघात दाखल झालेले ऑर रबरी चकती घेऊन स्वतःच चढाई करीत. १९६९-७० च्या हंगामात ३३ गोल करून व ८७ गोलांना साहाय्य करून ते नॅशनल हॉकी लीगच्या गुणतालिकेत अव्वल ठरले. हा मान मिळविणारे ते पहिलेच बचावपटू. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यांनी सलग आठ वेळा पटकावला. डाव्या गुडघ्याच्या दुखापतीने मात्र पाठ सोडली नाही. अनेक शस्त्रक्रियांनंतर १९७८ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांना निवृत्ती पत्करावी लागली. चढाईत उतरणाऱ्या बचावपटूंची परंपरा मात्र कायम राहिली.